छापून घेतलेला महिना

“भाऊ, एक म्हयना छापून पायजे.”

मी टेबलाशी उभा राहून कुणाच्या तरी मुंजीची पत्रिका जुळवत होतो. मान वर न करताच म्हणालो, “कॅलेंडरं जानेवारीतच संपली, बाई. आता मे निम्मा सरला.”

“अख्खं नकोच. ते घरी भिताडाला हाय. एकच म्हयना पायजे. जादाचा.”

आता मात्र मी मान वर केली. बाई पस्तिशीची असेल. पाय धुळीनं भरलेले, कपाळावर ठसठशीत कुंकू, आणि काखेत गुंडाळी केलेलं कॅलेंडर. ते तिनं माझ्या टेबलावर उलगडलं. आमच्याच छापखान्यातलं होतं, बी-बियाण्याच्या दुकानाची जाहिरात असलेलं. पहिलं पान एकट्या जानेवारीचं, शेवटचं डिसेंबरचं, मधली दोन-दोन महिन्यांची. तिनं जून-जुलैचं पान काढलं. जूनच्या पौर्णिमेच्या चौकोनात मी वडाचा एक बारका ठसा बसवला होता, बोटाच्या पेराएवढा. तिनं त्याच्यावर बोट ठेवलं.

“ह्यो वड हितनं काढायचा,” ती म्हणाली, आणि बोट सरकवत जुलैच्या पौर्णिमेवर नेलं, “आन हितं लावायचा. आन ह्या आदीच्या म्हयन्याला धोंड्याचा म्हयना म्हनायचं.”

अधिक महिना पंचांगात येतो, तो काही छापखान्यात मिळत नाही. जावयाला अनारशांचं वाण देण्यापलीकडे धोंड्याच्या महिन्याशी माझा कधी संबंध आला नव्हता, पण एवढं मलाही ठाऊक होतं.

या गोष्टीला आता अडतीस वर्षं झाली. फलटणच्या एका छापखान्यात मी खिळे जुळारी होतो, म्हणजे शिशाची अक्षरं एकेक जुळवून मजकूर उभा करणारा. त्या कामाला जिभेपेक्षा डोळा लागतो, पण मला दोन्ही होतं, आणि जीभ अंमळ जास्तच होती. माझा गर्व एकाच गोष्टीचा: माझ्या हातून चूक छापली जात नाही. नोकरीला लागलो त्या वर्षी एका लग्नपत्रिकेत मुहूर्ताचा नवाचा अकरा झाला आणि अर्धं वऱ्हाड थेट पंगतीलाच पोचलं. तेव्हा मालकांनी, म्हणजे नानांनी, सगळ्यांसमोर माझे कान उपटले. त्यानंतर वीस वर्षांत काना-मात्रेचीही चूक नाही. अशा माणसाकडे ती बाई अख्खा महिना खोटा मागायला आली होती.

“कशाला पाहिजे हे?” मी विचारलं.

तिनं आधी इकडेतिकडे पाहिलं. आतल्या खोलीत नाना वर्तमानपत्र वाचत होते, तेवढेच.

“आमचं मालक पाटकरी हाईत. कालव्यावर खात्याची चौकी हाय, तितं ऱ्हातो आमी. आजूबाजूला घर न्हाई. लग्नाच्या आदी त्यास्नी एका पिंगळ्यानं सांगितलंया, बेचाळिसाव्या वर्षी वटपुनवेला दिस मावळायच्या आत...” तिनं पुढचं गिळलं.

“आणि हे बेचाळिसावं.”

“व्हय. शिमग्यात टायफाइड झाला. त्यो उतरून दीड म्हयना झाला, पन मानूस उठंना. डॉक्टर म्हनतात, बाई, आता माझ्याकडं औषिध न्हाई, ह्यानं मरायचं ठरीवलंय. रोज सकाळी कॅलेंडर बगत्यात आन एक घास कमी खात्यात. आता चतकोरावर आलंत.”

“मग कॅलेंडर काढून टाका की.”

“काढलं तर बोटं मोजतील.”

“खोटं पान लावलं तरी मोजतील. दोन वर्षांपूर्वीच अधिक श्रावण होऊन गेला. इतक्यात धोंडा कुठला?”

“छापल्यालं असलं की मानूस बोटं मोजत न्हाई, भाऊ.”

हे वाक्य मला आवडलं, हे कबूल करायला हवं. तरी मी विचारलं, पुढे काय? तर बाईनं सगळं योजून ठेवलं होतं. खरी वटपौर्णिमा गुपचूप जाऊ द्यायची. नवऱ्याला वाटेल, अजून महिना आहे. तो दिवस मावळला की दुसऱ्या दिवशी त्याला सांगायचं, तुमचा दिवस काल होता, आणि तुम्ही जिवंत आहात. रेडिओतले सेल तिनं आधीच काढून ठेवले होते.

“आणि यमाला काय सांगाल?” मी थट्टेनं म्हणालो.

ती हसली नाही. “त्यो माझा भाऊ लागतो. माझं नाव यमुना. भईन भावाला फशिवती, त्यात नवं काय? आन धोंड्यात लगीन न्हाई, मुंज न्हाई, वास्तुक न्हाई. मग मरान तरी कसं आसंल?”

सावित्रीनं यमाला बोलण्यात गुंतवून नवरा परत आणला, हे लहानपणापासून ऐकत होतो. ते बोलणं कसं असेल, ते त्या दिवशी कळलं.

पण खोटं छापायचं म्हणजे अंगावर काटा येत होता. मी म्हणालो, “बाई, तिथी-वार देवाचं काम आहे. माझ्या हातून नाही व्हायचं.”

आतून नानांचा आवाज आला. “छाप रे. दरवर्षी पंचांगवाले आपसांत भांडतात, दिवाळी दोन-दोन दिवशी करतात, तेव्हा देव कुठं येतो मिटवायला? एकच प्रत छाप, आणि जुळणी लगेच मोडून टाक.”

मालकांनीच सांगितल्यावर मी कोण. दुसऱ्या दिवशी मी ते पान पुन्हा जुळवलं. खऱ्या ज्येष्ठाला ‘अधिक ज्येष्ठ’ केलं, आषाढाला ‘निज ज्येष्ठ’ केलं. आषाढीला पुढच्या पानावर ढकलून विठोबाला महिनाभर ताटकळत ठेवलं. जुलैतली गुरुपौर्णिमा उचलली आणि तिथं वडाचा ठसा बसवला. कागदही तोच वापरला, जानेवारीतला उरलेला. पान असं उतरलं की खरं कोणतं ते मलाही सांगता येईना. खोटेपणा करतानाही माणसाला कसबाचा अभिमान वाटतो, हे मला तेव्हा नव्यानं समजलं.

संध्याकाळी ती पान न्यायला आली. तिला वाचता येत नव्हतं. तिनं जुलैमधला वड शोधला, त्याच्यावरून अंगठा फिरवला, आणि पान पदराखाली घेऊन गेली.

मग खरी वटपौर्णिमा आली. सकाळपासून बायका ताटं घेऊन छापखान्यावरून जात होत्या. माझी बायकोही नथ घालून वडाला गेली. मी सोसायटीचं हँडबिल जुळवत होतो, पण चित्त ठिकाणावर नव्हतं. तिकडे कालव्यावर तो माणूस काय करत असेल? कुणी जाता-येता बोललं तर? एखादी बाई ताट घेऊन चौकीवरून गेली तर? दिवस मावळताना मी रस्त्यावर येऊन उभा राहिलो. नाना म्हणाले, “सूर्य काय पहिल्यांदा बघतोस?” दुसरा दिवस तसाच गेला, कुणी आलं नाही. मला घास गोड लागेना. पान कच्चं निघालं, माणूस गेला, असंच मी धरून चाललो.

तिसऱ्या दिवशी ती आली. हातात फडक्यात बांधलेली परडी होती. तिनं ती माझ्या टेबलावर ठेवली आणि खाली फरशीवर बसून रडायला लागली. माझ्या हातातली खिळे जुळवायची स्टिक खाली पडली आणि खिळे सगळीकडे विखुरले.

“गेले?” मी म्हणालो.

तिनं डोळे पुसले. “कुटं जात्यात? मटन आन म्हनत्यात.”

नानांनी तिला पाणी दिलं. मग तिनं सगळं सांगितलं. पान भिंतीला लागलं त्या दिवशी नवरा बराच वेळ त्याच्याकडे बघत राहिला आणि म्हणाला, धोंडा आला का? तिनं होय म्हटलं. माहेरहून वाण आलंय असं सांगून तिनं स्वतःच्या हातानं तेहतीस अनारसे तळले. जावयाच्या मानाचे म्हणून त्यानं त्यातले दोन खाल्ले, आणि दुसऱ्या दिवशी अर्धी भाकरी मागून घेतली. चौकीसमोरच मोठा वड होता, तिथं वस्तीवरच्या बायका दरवर्षी येत. तिनं घरोघर जाऊन त्यांचे पाय धरले, की औंदा मारुतीजवळच्या वडाला जा, म्हणजे ह्यांच्या कानावर काही पडायचं नाही. बायका तयार झाल्या. एक म्हातारी तेवढी म्हणाली, नवरा खाटेवर आणि ही वडाला पाठ फिरवती, हिच्या मनात आहे तरी काय?

“आणि तुम्ही?” नानांनी विचारलं. “तुमचा उपास?”

“म्या जेवले.”

हे तिनं इतकं हळू सांगितलं की मला पुन्हा विचारावं लागलं.

“उपास धरला असता तर त्यास्नी कळलं असतं. त्यांच्या म्होरं बसून भाकरी खाल्ली. वटपुनवेच्या दिशी. घास घशातनं उतरंना, पन ते बगत हुते, म्हनून गिळला. दिस कलला तसं ते भाईर खाटेवर बसलं. पाटात पानी चाललं हुतं ते बगत हुते. म्या दारातनं सूर्याकडं बगत हुते. बुडाला. मला रडू फुटलं. म्हनाले, काय झालं? म्हनलं, कांदा चिरती.”

दुसऱ्या दिवशी सकाळी तिनं त्याला सांगितलं. तो उठला, भिंतीपाशी गेला, पानावर हात फिरवला आणि खो खो हसायला लागला. पाटाच्या कडेनं मैलभर चालून आला. आल्यावर मटण आण म्हणाला.

मी परडीतले अनारसे तोंडात टाकत होतो. खरं सांगतो, इतका आनंद मला माझ्या लग्नातही झाला नव्हता. एक माणूस मरणाच्या दारातून परत आला होता, आणि तो माझ्या खिळ्यांनी आणला होता.

जाताना ती उंबऱ्यापाशी थांबली. “भाऊ, माझी पूजा ऱ्हायली. उपास बी मोडला. बायका म्हनत्यात, आता फुडल्या वर्सी. पन जीव टांगनीला लागलाय. ज्यानं दिलं त्याचं फेडायचं तसंच ऱ्हायलं.”

मी रंगात होतो. म्हणालो, “पुढच्या वर्षी कशाला? तुमच्यासाठी जुलैत खास वटपौर्णिमा छापलीय की. सगळ्या महाराष्ट्रात एकटीची. गर्दी नाही, रांग नाही, सावकाश फेरे मारा.”

तिचा चेहरा असा उजळला की मला माझ्याच बोलण्याचं कौतुक वाटलं. “खरंच की,” ती म्हणाली. “ती पुनव माझीच हाय.” आणि ती गेली.

पुढचा महिना कामात गेला. पाऊस बरा झाला. मी अधूनमधून नानांना म्हणायचो, आपण पंचांगाचा धंदा सुरू करू, माणसांना हवे तेवढे महिने देऊ. नाना हसायचे.

गुरुपौर्णिमेनंतर तिसऱ्या दिवशी सकाळी एक उंच, वाळका माणूस आला. खांद्यावर टॉवेल, दाढी वाढलेली. दाराशीच उभा राहिला.

“दहाव्याची पत्रं छापायची हुती.”

अशा कामाला आमच्याकडे मजकूर जुळवून, सुतळीनं बांधून तयारच असे. ‘कळविण्यास अत्यंत दुःख होते की’ इथपासून ‘दशक्रिया विधी’पर्यंत सगळं तेच, फक्त नाव, नातं आणि तिथी प्रत्येकाची निराळी. मी तो मजकूर फळीवरून काढला आणि स्टिक हातात घेतली.

“कोण गेलं?”

“मंडळी.”

“वाईट झालं. तिथी सांगा.”

“जेष्ट शुद्द पुनव.”

मी हात थांबवला. दुःखातला माणूस आहे म्हणून सौम्यपणे बोलायला हवं होतं, पण माझी जीभ. “अहो, ज्येष्ठ जाऊन महिना झाला. परवा गुरुपौर्णिमा होती. आषाढ शुद्ध पौर्णिमा म्हणा. मरणाच्या पत्रात तिथी चुकली तर जन्मभर श्राद्ध चुकतं.”

“चुकत न्हाई,” तो म्हणाला. त्यानं सदऱ्याच्या खिशातून चौघडी केलेला कागद काढला आणि माझ्या टेबलावर पसरला. “हितं बगा. छापल्यालं हाय.”

जून-जुलैचं पान होतं. जुलैच्या पौर्णिमेच्या चौकोनात वडाचा ठसा होता. त्या ठशाची उजवीकडची एक पारंबी तुटलेली होती. ती माझ्याच हातून तुटली होती.

मी खुर्ची शोधली, पण खुर्ची माझ्या मागेच होती आणि मला ती सापडत नव्हती. तो माणूस बोलत होता आणि मला त्याचे ओठ दिसत होते, शब्द मागून येत होते.

“सकाळधरनं पान्याचा थेंब घेतला न्हाई. म्या म्हनलं, मी बरा झालोय, आता कशाला? तर म्हनली, ऱ्हायल्यालं फेडायचं हाय. एकलीच गेली. दरवर्सी बायका यायच्या म्हनून गडी वडाखालचं गवात काढायचे. औंदा कुनी काढलंच न्हाई. त्यात पाऊस. गुडघ्याइतकं वाढलं हुतं. फेरे मारताना पाय पडला. नाग हुता.”

“दवाखान्यात...” मी म्हणालो.

“खांद्यावर टाकून नेली. जीप मिळस्तवर दिस मावळला.”

महिन्यापूर्वीपर्यंत खाटेला खिळलेला तो माणूस बायकोला खांद्यावर टाकून धावला होता. एवढं बळ त्याच्यात तिनंच आणलं होतं.

तो समोरच्या बाकावर बसला. मग पानाची घडी पुन्हा घालत म्हणाला, “तिचा भाऊ आला न्यायला, दुसरं काय. नेमका छापल्याल्या दिशी आला.”

मला सांगायचं होतं की तिला त्या वडाखाली मी धाडलं. यम नाही, नाग नाही, मी. एका विनोदासाठी. पण ते मला सांगावं लागलं नाही.

“ते छापनारं भाऊ तुमीच न्हवं?” त्यानं विचारलं.

मी मान हलवली.

“लई नाव घ्यायची तुमचं. भाऊ म्हनाले, ही पुनव तुझ्या एकटीची हाय. त्या दिशी नवं लुगडं नेसली. जाताना हसत गेली.”

त्याच्या बोलण्यात राग नव्हता. तो असता तर मला सोसलं असतं. नाना आतून येऊन दारात उभे होते, त्यांनीही सगळं ऐकलं होतं.

“वडाला सुताचं पाच फेरं हुतं,” तो म्हणाला. “रीळ तितंच पडलं हुतं गवतात. काल म्या गेलो. ऱ्हायल्यालं दोन मी मारलं.”

बाहेरून एक बैलगाडी गेली, तिचा आवाज लांबपर्यंत ऐकू येत राहिला.

“पन्नास पत्रं पुरं,” तो उठत म्हणाला. “आन तिथी ती ऱ्हाऊ द्या. तिची हाय ती.”

तो गेल्यावर मी पुन्हा टेबलाशी उभा राहिलो. ‘कै. सौ. यमुना सोपान खलाटे’ एवढं जुळवायला मला तास लागला, कारण खिळ्यांचे कप्पे मला दिसत नव्हते. नाव झाल्यावर मी तिथी घेतली. ज्येष्ठ शुद्ध पौर्णिमा. कंसात वटपौर्णिमा. चौकटीत घट्ट आवळून मी पहिलं पत्र काढलं आणि रिवाजाप्रमाणे नानांपुढे ठेवलं.

त्यांनी चष्मा लावून ते दोनदा वाचलं.

“तिथी बघितलीस?” ते म्हणाले.

“बघितली,” मी म्हणालो. “बरोबर आहे.” आणि उरलेली एकोणपन्नास छापायला मशिनपाशी गेलो.